लांबच्या प्रवासाच्या फोर बाय फोरला रिम आणि टायर कोणत्या मापाचे घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या चेसिसवर बसवलेली) डिझेल फोर बाय फोर गाडी आहे, कंपनीचे टायर २६५/६५ आर १७ (रुंदी २६५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची), रिम साडेसात इंच रुंद अलॉय, ऑफसेट +३० (रिमची गाडीला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून ३० मिमी बाहेरच्या दिशेला). छपरावर तंबू, मागे फ्रिज, पाणी, जादा डिझेल आणि अधूनमधून ट्रेलर. बराचसा प्रवास डांबरी रस्त्यावर, बाकी कच्चे रस्ते, थोडी वाळू, थोडा दगड. २८५/७० आर १७ टायर घालावेत का, रिम १६ची घ्यावी की १८–२०ची, आणि त्यासाठी गाडी ५० मिमी उचलावी लागेल का?

आधी उत्तर सांगतो: २६५/७० आर १७, ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारी) नक्षी, एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामाची) बांधणी, आणि रिम आहेत त्याच. २८५ बसवता येतो, पण त्याची भरपाई गिअरिंग, ब्रेक, स्टेपनीची जागा आणि मडगार्डच्या आतला पत्रा अशी चारही बाजूंनी करावी लागते. इतकं करून गाडीच्या पोटाखाली २६५/७० पेक्षा १४ मिमी जास्त उंची मिळते. सामान लादून हजारो किलोमीटर जाणाऱ्या गाडीला हा सौदा परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आता कारणं.

बहुतेक लोक टायरच्या उंचीपासून विचार सुरू करतात. सुरुवात वजनापासून करा. प्रवासाला निघताना गाडी जशी असेल तशीच, म्हणजे टाक्या भरलेल्या, माणसं बसलेली, तंबू चढवलेला, ट्रेलर जोडलेला, अशी वजनकाट्यावर न्या. नुसतं एकूण वजन उपयोगाचं नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. ट्रेलरच्या जोडावर पडणारं वजन मागच्या एक्सलवर जसंच्या तसं येत नाही, वाढून येतं. जोडावर २०० किलो, जोड मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस २.८ मीटर असेल, तर मागच्या एक्सलवर सुमारे २८६ किलो पडतात आणि पुढचा एक्सल ८६ किलोनं हलका होतो. हा हिशोब न केल्यानं मागचे टायर तापतात, आणि दोष मात्र टायरच्या कंपनीला दिला जातो.

समजा मागचा एक्सल १,७५० किलो भरला. एका चाकावर ८७५. पण फ्रिज एका बाजूला, पाण्याची टाकी एका बाजूला, त्यामुळे जड बाजू ९२५ धरा. कच्च्या रस्त्यावरचे धक्के आणि उन्हातला वेग यासाठी वर १५ ते २० टक्के राखीव ठेवा. आकडा १,०६० ते १,११० किलोवर जातो. टायरच्या बाजूवर मापानंतर जो लोड इंडेक्स छापलेला असतो त्यात ११० म्हणजे १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२०, ११५ म्हणजे १,२१५ आणि १२१ म्हणजे १,४५०. म्हणजे इथे ११२च्या खाली उतरू नये, आणि गाडीच्या दारावरच्या पट्टीवर जो इंडेक्स दिलाय त्याच्याही खाली कधीच नाही. दणकट टायर घातला म्हणून एक्सलची किंवा गाडीची मंजूर वजनमर्यादा वाढत नाही, हेही इथेच लक्षात ठेवा.

एलटीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोड इंडेक्सचा आकडा ठरावीक हवेच्या दाबाला खरा असतो. साध्या पॅसेंजर बांधणीच्या टायरची पूर्ण क्षमता साधारण ३५–३६ पीएसआयला मिळते. एलटीमध्ये ताकदीनुसार सी, डी, ई अशा श्रेणी असतात: सी श्रेणीची ५० पीएसआयला, डी ची ६५ला, ई ची ८०ला. एलटी २६५/७० आर १७ सी श्रेणीत ११२ इंडेक्सचा येतो आणि ई श्रेणीत १२१चा. पण दोघांत ५० पीएसआय हवा भरली तर दोघांची वजन पेलायची क्षमता जवळपास सारखीच असते. ई श्रेणीचे १,४५० किलो हवे असतील तर ८० पीएसआय भरावे लागतील. म्हणून पॅसेंजर टायर काढून एलटी घातल्यावर दारावरच्या पट्टीवरचाच दाब ठेवणं ही चूक आहे. तेवढ्या हवेत एलटी टायर आधीच्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. टायर कंपनीचा लोड-दाब तक्ता घ्या, त्यात तुमच्या जड चाकाचं वजन शोधा आणि त्यासमोरचा दाब हा तुमचा किमान दाब. पुढे तो रस्त्यावर पडताळायचा: सकाळी थंड टायरमध्ये मोजा, नेहमीच्या वेगानं तासभर चालवा, थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. एलटीमध्ये सुमारे ६ पीएसआय वाढ झाली तर दाब बरोबर, पॅसेंजर टायरमध्ये ४. वाढ जास्त झाली तर टायर फार दबतोय, तापतोय. दुसऱ्या दिवशी थंड असताना हवा वाढवा. वाढ कमी झाली तर थोडी कमी करा, पण तक्त्यातल्या किमान आकड्याखाली नाही. गरम टायरमधून हवा सोडून दाब 'बरोबर' करू नका, सकाळी तो टायर कमी हवेवर उभा असेल. दाब बराच वाढवणार असाल तर रिमवरची दाबाची मर्यादाही बघून घ्या.

मग एलटी घ्यायचाच कशाला? बाजूच्या भिंतीत जास्त थर असतात, रबर जाड असतं, आणि खडीच्या रस्त्यावर नक्षीचे तुकडे कमी उडतात. त्या बदल्यात एका चाकामागे चार-पाच किलो वजन वाढतं आणि गाडी रिकामी असताना थोडी उडते. सामान भरून कच्च्यावर जाणाऱ्या गाडीला हा बदल योग्य. वर्षातून एकदाच कच्च्यावर उतरणारी हलकी गाडी असेल तर पॅसेंजर बांधणीच पुरते.

आता रिमचा व्यास. यात बघायची गोष्ट एकच: रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती रबर आणि हवा आहे. बाहेरचा व्यास ८०० मिमीच्या आसपास ठेवला तर २६५/७५ आर १६ची भिंत १९९ मिमी, २६५/७० आर १७ची १८५, २६५/६५ आर १८ची १७२ आणि २७५/५५ आर २०ची १५१. वाळूत हवा १६–१८ पीएसआयवर आणली की भिंत दबून फुगते आणि टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो. रुंदीत फारसा फरक पडत नाही, गाडी तरंगते ती या लांबीवर. भिंत जितकी उंच तितकी ही लांबी जास्त मिळते. दगडावर उलटा धोका असतो. चाक धारदार दगडावर आपटलं की टायर दगड आणि रिमची कड यांच्यात चिमटतो आणि आतून दोन समांतर चिरा पडतात. असा टायर बाहेरून शाबूत दिसू शकतो, पण दुरुस्त होत नाही. २० इंची रिमवर हे व्हायला साधा खड्डाही पुरतो.

म्हणून १६ किंवा १७. १६ ची भिंत उत्तम, पण नव्या गाड्यांचे ब्रेक कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) मोठे असतात आणि १६ ची रिम त्यावर बसतच नाही. विकत घेण्याआधी एक रिम हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) लावून हातानं फिरवा. कॅलिपर आणि रिमच्या आतल्या बाजूत किमान ३ मिमी मोकळं हवं, तेही बॅलन्सिंगची शिशाची चिकटपट्टी लावायची जागा सोडून. तुमच्याकडे १७ आहेच, तर ती बदलायचं काहीच कारण नाही. गाडी १८ वर आली असेल आणि १७ बसत असेल, तर खाली यावं. आणखी एक निकष आहे आणि तो मी तांत्रिक निकषांइतकाच महत्त्वाचा मानतो: ज्या भागात जाणार तिथल्या कामाच्या गाड्या, पिकअप, टेम्पो कोणत्या मापावर चालतात ते बघा. आडवाटेला टायर फाटला तर तिथे मिळेल तोच टायर तुम्हाला घरी आणणार आहे.

रुंदी आणि ऑफसेट या दोन गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात. २६५/७० ला ७ ते ९ इंची रिम चालते, म्हणजे तुमची साडेसातची रिम मर्यादेत आहे. २८५/७० ला साडेसात ही अगदी किमान मर्यादा. बसेल, पण नक्षी मध्यभागी गोलसर होते आणि झीज मधोमध जास्त. म्हणून २८५ घेणारे लोक साडेआठ इंची रिम घेतात, आणि ती सहसा कमी ऑफसेटची मिळते. समजा साडेआठ इंची, +१० ऑफसेटची रिम घेतली. रुंदी एक इंचानं वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट २० नं कमी झाला म्हणजे आख्खं चाक २० मिमी बाहेर आलं. बाहेरची कड ३२.७ मिमी बाहेर गेली आणि आतली कड ७.३ मिमी बाहेर सरकली. आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या आर्मपासून थोडी जागा झाली हे खरं, पण बाहेरची कड आता वळताना मोठं वर्तुळ फिरते आणि जो टायर आधी घासत नव्हता तो बंपरच्या टोकाला आणि मडगार्डच्या मागच्या पत्र्याला घासायला लागतो. टायर घासण्याच्या बऱ्याच तक्रारी खरं तर मापाच्या नसतात, ऑफसेटच्या असतात.

ऑफसेट कमी केल्याचा दुसरा परिणाम हळूहळू दिसतो. स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरचा मध्य यांतलं अंतर वाढतं, त्यामुळे प्रत्येक दगडाचा झटका स्टीअरिंगच्या चाकावर येतो, एका बाजूचा ब्रेक जरा जास्त लागला की गाडी ओढते, आणि व्हील बेअरिंग व बॉल जॉइंटवर कायमचा जादा भार पडतो. मूळ ऑफसेटपासून १०–१५ मिमीच्या आत राहा. टायर बॉडीच्या बाहेर आला किंवा ट्रॅकची रुंदी (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बऱ्याच देशांत गाडी तपासणीत नापास होते आणि अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. आपल्या देशाचा नियम आधी वाचा, रिम नंतर घ्या. चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) घालून ऑफसेट जमवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. कच्च्या रस्त्यावर सैल होणारी आणखी एक जागा त्यानं तयार होते, आणि अनेक ठिकाणी तो बेकायदाही आहे.

बाकी पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) आणि रिमच्या मधल्या, हबवर बसणाऱ्या भोकाचं माप जुळायला हवं हे उघड आहे. सहा नटांच्या गाड्यांत ६ × १३९.७ फार आढळतो, पण पीसीडी जुळला म्हणून हबचं भोक जुळेलच असं नाही. भोक लहान असेल तर रिम बसत नाही. मोठं असेल तर मधली रिंग लागते, नाहीतर ठरावीक वेगाला थरथर जाणवते. जड गाडीसाठी प्लास्टिकपेक्षा अॅल्युमिनियमची रिंग घ्या. रिमच्या पाठीवर प्रत्येक रिमची वजनक्षमता कोरलेली असते. ती वर काढलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर रिम कितीही देखणी असली तरी नको.

आता टायरचा व्यास. २६५/६५ आर १७चा व्यास ७७६ मिमी, २६५/७० आर १७चा ८०३, २८५/७० आर १७चा ८३१. मूळ मापापेक्षा पहिला बदल ३.४ टक्के, दुसरा ७ टक्के. पोटाखालची उंची व्यासाच्या निम्म्यानं वाढते: १३ मिमी आणि २७ मिमी. मीटर १०० दाखवेल तेव्हा चाकाच्या हिशोबानं वेग १०३ आणि १०७ होईल. कंपनीचं मीटर बहुधा थोडं जास्त दाखवतं, त्यामुळे ३.४ टक्के बऱ्याचदा त्यात जिरतात. पण संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ मानणाऱ्या देशांत मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणं चालत नाही, म्हणून जीपीएसवर ताडून बघा आणि लागलं तर मीटर कॅलिब्रेट करून घ्या.

मीटरपेक्षा गंभीर बाब गिअरिंगची. चाक ७ टक्के मोठं झालं की सगळे गिअर ७ टक्के उंच होतात, म्हणजे ओढ कमी होते. सपाटीवर कळत नाही. ट्रेलर घेऊन चढावर ऑटोमॅटिक गाडी वरचा गिअर धरत नाही, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड) लॉक सुटत राहतं आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. लो रेंजमध्ये (कठीण वाटेसाठीच्या कमी वेगाच्या गिअरमध्ये) गिअरची एकूण घट ४० ला १ असेल तर ती ३७.४ ला १ झाल्यासारखी होते. म्हणजे उतारावर इंजिनचा ब्रेक कमी आणि दगडावरून गाडी जास्त वेगानं उतरते. पायाच्या ब्रेकचंही तेच: तेवढाच जोर लावला तरी जमिनीवर लागणारं रोधक बल साडेसहा टक्के कमी, आणि वर जड टायर फिरता थांबवायचा भार वेगळा. ३.४ टक्क्यांत हे सगळं सुसह्य राहतं. ७ टक्क्यांना डिफचे (एक्सलमधल्या डिफरन्शियलचे) गिअर बदलावेत, तेही पुढचे आणि मागचे दोन्ही, हे माझं मत.

गाडी उचलण्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण इथे सर्वांत जास्त पैसा चुकीच्या समजुतीवर जातो. ५० मिमी लिफ्टनं उभ्या गाडीत चाकावरची जागा वाढलेली दिसते. पण सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक पूर्वी जिथे पोचायचं तिथेच पोचतं, कारण बंप स्टॉप (सस्पेन्शनची वरची हालचाल अडवणारा ठोकळा) तोच आहे. खड्ड्यात आपटताना टायर जिथे घासणार तिथे तो लिफ्टनंतरही घासणारच. २६५/७० साठी बहुतेक गाड्यांना लिफ्ट लागत नाही. सामानानं मागची बाजू बसत असेल तर त्या वजनाला योग्य स्प्रिंग घाला, तो वेगळा विषय.

जागेची तपासणी अशी करायची. चेसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा, पुढच्या एका बाजूचा स्प्रिंगसह शॉक काढा, नवा टायर त्याच रिमवर चढवून लावा आणि खालच्या आर्मखाली जॅक घेऊन बंप स्टॉप दबेपर्यंत उचला. आता स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत टायरभोवती हात आणि बॅटरी (टॉर्च) फिरवा. बघायच्या जागा: वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, ब्रेकची नळी आणि तिचा कंस, स्टॅबिलायझर बार, बंपरचं आतलं टोक, मडगार्डचं प्लास्टिक, आणि चाकाच्या मागे चेसिसवर जिथे बॉडी बसते तो माउंट. कठीण भागापासून किमान १० मिमी, चिखलात किंवा बर्फाच्या साखळ्या लावून जाणार असाल तर २०–२५. प्लास्टिकला थोडं लागत असेल तर गरम करून मागे दाबता येतं किंवा क्लिप सरकवता येते. माउंटला लागत असेल तर लोखंड कापून पुन्हा वेल्ड करावं लागतं. अनेक गाड्यांत २८५ला हे करावंच लागतं, आणि ते मी टाळायला सांगेन.

शॉक काढायचा नसेल तर खडूनं या सर्व जागा रंगवा, गाडी तिरकी चढवा म्हणजे एक पुढचं चाक पूर्ण दबेल, आणि पूर्ण वळवून पुढे-मागे घ्या. मागे घेताना ब्रेक नक्की मारा. त्या वेळी सस्पेन्शनच्या जोडांतले रबरी बुश दबतात आणि चाक काही मिलिमीटर पुढे सरकतं. बंपरला घासणारा टायर पुष्कळदा फक्त याच क्षणी घासतो, आणि अलाइनमेंटच्या स्टँडवर कधीच सापडत नाही. खडू पुसला गेला तिथे काम आहे.

स्टेपनी विसरू नका. ती त्याच मापाची, त्याच ऑफसेटची हवी. गाडीखाली टांगणारी जागा ७७६ मिमीसाठी बनवलेली असते. ८०३ बहुधा जातो. ८३१ सायलेन्सरला किंवा ट्रेलर जोडायच्या आडव्या बीमला अडू शकतो, म्हणून टायर घेण्याआधी फितीनं मोजा. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर वाढलेलं वजन बिजागरी झेलते, आणि कच्च्या रस्त्यावर तिथला पत्रा तडकतो. कायम फोर व्हील असलेल्या गाडीत लहान स्टेपनी लावून चालवणं म्हणजे मधल्या डिफला सतत फिरायला लावणं. झिजेचाही तोच हिशोब: नव्या टायरची नक्षी १२ मिमी आणि जुन्याची ४ असेल तर व्यासात १६ मिमीचा, म्हणजे २ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून पाचही टायर एकदम घ्या आणि ८ ते १० हजार किलोमीटरला पाचही एकमेकांच्या जागी फिरवा. घेताना बाजूवरचे चार अंक वाचा: ३५२३ म्हणजे २०२३चा ३५वा आठवडा. पाचही टायर सहसा एकाच सुमाराचे असावेत.

नक्षीबद्दल फार लिहीत नाही. ऑल टेरेन घ्या. मड टायर ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतो, आवाज करतो, लवकर झिजतो. बर्फात जाणार असाल तर तीन शिखरांत हिमकण असलेलं चिन्ह बघा. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) पुरेसं नाही.

शेवटी नट. कंपनीच्या काही अलॉयना सपाट वॉशर आणि दांडा असलेले नट लागतात, बाहेरच्या बऱ्याच रिमना ६० अंशांचे शंकूचे. एकाचे नट दुसऱ्यात घातले तर हाताला घट्ट लागतात, पण पकड फक्त एका कडेवर असते आणि काहीशे किलोमीटरमध्ये नट सैल होतात. अलॉयसोबत लोखंडी रिमची स्टेपनी ठेवली असेल तर तिचे नट वेगळे लागतील. ते एका डब्यात, गाडीतच ठेवा. हबचा गंज तारेच्या ब्रशनं साफ करा, नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा, आणि शेवटचा आवळा टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. इम्पॅक्ट गननं शेवटचा आवळा देऊ देऊ नका, त्यानं स्टड ताणले जातात. ५० ते १०० किलोमीटरनंतर थंड चाकावर पुन्हा टॉर्क तपासा, आणि पहिल्या पूर्ण भरलेल्या फेरीनंतर मडगार्डच्या आत, माउंटवर आणि आर्मवर घासून चमकलेली जागा दिसते का ते बॅटरीनं बघा.